मिरचीशी वाईनचं कसं जमतं?

तिखट ही चवच नाही. गोड, आंबट, खारट, कडू ओळखायची सोय जिभेवर आहे, तिखटाची नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन थेट चटका ओळखणाऱ्या मज्जातंतूंना गाठतं. तिथं टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन बसलेलं असतं. तापमान साधारण ४२ अंशांच्या वर गेलं की ते उघडतं आणि मेंदूला कळवतं, ‘भाजलं!’ कॅप्सेसिन काय करतं? काहीही गरम नसताना तेच प्रथिन उघडतं. हे प्रथिन हुडकणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

आता मेक्सिकोतल्या युकातानमध्ये जाऊ. समोर कोचिनिता पिबिल आहे: आचिओते (शेंदरीच्या बिया) आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवून, केळीच्या पानात गुंडाळून शिजवलेलं डुकराचं मटण. शेजारी वाटीत हाबानेरो मिरचीची साल्सा, म्हणजे साक्षात जाळ. मटणाबरोबर दमदार रेड वाईन हवीच, म्हणून तुम्ही १४ टक्के अल्कोहोलची बाटली उघडता, घोट घेता आणि आग विझायच्या ऐवजी भडकते. असं का व्हावं?

प्रयोगशाळेत दिसलं ते असं: अल्कोहोल लागलं की हेच प्रथिन ४२ ऐवजी सुमारे ३४ अंशांनाच उघडतं. कुकरच्या शिट्टीचं वजन हलकं केलं, तर थोड्याशा वाफेवरही ती वाजायला लागेल, तसंच हे. आणि तोंडाचं तापमान किती? छत्तीस-सदतीस! म्हणजे तुमचीच ऊब तुम्हाला भाजू लागते. त्यात रेड वाईनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटून तोंड कोरडं करतं. चांगली, महागडी वाईन, आणि वैऱ्यासारखी वागते.

मग हवं काय? अल्कोहोल कमी, किंचित गोडवा, भरपूर आंबटपणा आणि ग्लास थंडगार. हे सगळं एकत्र कुठं सापडावं, तर युकातानपासून हजारो किलोमीटरवर, जर्मनीतल्या मोझेल नदीच्या थंड उतारांवर! तिथल्या गोडसर रीस्लिंगमध्ये अल्कोहोल बऱ्याचदा आठ-नऊ टक्केच असतं. साखर जळजळ बोथट करते, गारवा त्या प्रथिनाला शांत करतो आणि वाईनचा आंबटपणा संत्र्याच्या रसापुढे टिकून राहतो. आंबट जेवणापुढे कमी आंबट वाईन अगदी पाणचट लागते. ज्यांनी ही द्राक्षं लावली, त्यांनी मिरची पाहिलीसुद्धा नव्हती.

पण मला याहून थक्क करते ती हिरवी साल्सा. तोमातियो (टोमॅटोसारखं हिरवं, आंबट फळ), कोथिंबीर, हिरव्या मिरच्या. तिच्याबरोबर सोव्हिन्यॉं ब्लां ही पांढरी वाईन घ्या आणि आधी नुसता वास घ्या. ग्लासातूनही हिरव्या मिरचीचा वास येतोय? भास नाही तो. ढोबळी मिरचीचा तो खास हिरवा वास ज्या मेथॉक्सिपायराझिन रेणूमुळे येतो, तोच रेणू या वाईनच्या द्राक्षात असतो. मिरची वांग्या-टोमॅटोच्या कुळातली, द्राक्षवेल वेगळ्याच कुळातली, आणि तरी दोघींनी एकच अत्तर लावलंय! ते किती पुरतं? एक लिटर पाण्यात दोन नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. हिशेब केला तर पंचवीस लाख लिटरच्या ऑलिंपिक तलावाला पाच मिलिग्रॅम बास.

मोले या दाट मेक्सिकन रश्शाची गोष्ट निराळी. पुएब्लातल्या मोलेत आंचो, मुलातो, पासिया या वाळलेल्या मिरच्या, तीळ, दालचिनी आणि थोडं चॉकलेट असतं. वाळताना हिरवा वास जातो, मनुकांसारखा गडद गंध येतो, आणि या मिरच्या फार जहाल नसतात. इथं रेड चालते, फक्त टॅनिन मवाळ हवं, ग्रेनाश उत्तम.

आणि मेक्सिकोची स्वतःची वाईन? १५२४ मध्येच मेक्सिको जिंकणाऱ्या एर्नान कोर्तेसनं स्पॅनिश वसाहतवाल्यांना द्राक्षवेली लावायचा हुकूम काढला. १५९५ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फेलिपे यानं नव्या लागवडीवर बंदी घातली, आणि दोनच वर्षांनी त्याच्याच राजवटीत मेक्सिकोतल्या पार्रासला वाईनसाठी जमीन मिळाली! तिथली कासा मादेरो ही अमेरिका खंडांतली सर्वांत जुनी वाईनरी. आज मात्र बहुतेक मेक्सिकन वाईन बाहा कॅलिफोर्नियात होते. त्याच किनाऱ्यावरच्या एन्सेनादाच्या तळलेल्या माशांच्या टाकोंबरोबर तिथलीच शेनँ ब्लां थंड करून घ्यावी, फार विचार न करता.

ते टाको ज्या मक्याच्या तॉर्तियात येतात, तो मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्यात अमिनो-ॲसिटोफेनोन नावाचा रेणू तयार होतो आणि तॉर्तियाला तिचा ओळखीचा खमंग वास देतो. दुष्काळात होरपळलेल्या वेलींच्या काही पांढऱ्या वाईन्समध्येही अवेळी हाच रेणू उतरतो. तिथं मात्र परीक्षक नाक मुरडतात, डांबरगोळ्यांचा वास येतो म्हणतात आणि बाटली सरळ बाद करतात.