ठसा सरकारचा की सराफाचा?

नागपूरच्या भोसल्यांच्या किंवा कंपनी सरकारच्या चांदीच्या रुपयावर कधी कधी फूल, चांदणी, अर्धचंद्र अशा बारीक खुणा दिसतात. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात असा रुपया निघाला की ‘दुर्मीळ, दुहेरी छापाचा’ म्हणून चढा भाव सांगितला जातो. समज स्वाभाविक आहे. पण बहुतेक वेळा ती सराफाने चांदी तपासल्याची खूण असते. कलिंगडवाला खाप काढून आतला लाल गर दाखवतो, तसाच हा प्रकार. अशा खुणा मुबलक सापडतात.

प्रतिमुद्रांकन (चालू नाण्यावर सत्तेने नंतर मारलेला अधिकृत ठसा) वेगळे. त्यामुळे परके नाणे चलनात वैध होई. 1797 मध्ये बँक ऑफ इंग्लंडने स्पॅनिश डॉलरवर राजा तिसऱ्या जॉर्जचा छोटा चेहरा उमटवला. आपल्याला जवळचे उदाहरण मोझांबिकचे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांनी तिथे ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयांवरही मुकुट आणि ‘पीएम’ अक्षरे ठोकली. संग्राहक शोधतात ते हे रुपये, आणि म्हणूनच अशा ठशांची नक्कलही होते.

भिंगाखाली नाणे उलटवून बघावे. ठसा खरोखर ठोकलेला असेल, तर त्याच्या नेमक्या मागे नक्षी थोडी चेपलेली असते. रुपयावरचा राणीचा चेहरा झिजून सपाट आणि ठशाच्या कडा मात्र करकरीत, असे दिसले तर खरेदीची घाई करू नये. चमक आणण्यासाठी चिंच-राख तर मुळीच लावू नये. ठसा ओळखायचा पुरावाच त्यात घासला जातो.