दुर्बिणीला न दिसलेली जळजळ

जठरातलं आम्ल वर चढतं आणि त्यानेच अन्ननलिका सोलवटते, हे न्यूयॉर्कच्या ॲशर विंकलस्टीन यांनी १९३५ साली मांडलं. १९५१ मध्ये इंग्लंडचे सर्जन फिलिप ॲलिसन यांनी या दाहाची सांगड हायटस हर्नियाशी, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्यातून वर सरकणाऱ्या जठराशी घातली. मग बरीच वर्षं हर्निया म्हणजेच रिफ्लक्स, अर्थात आम्ल वर चढण्याचा आजार, असं समीकरण डोक्यात बसलं. हर्निया असून काहीच त्रास नसलेली माणसं आणि हर्निया नसताना रात्र रात्र उशाला टेकून बसणारी माणसं, दोघंही त्यात बसत नव्हती.

लवचिक दुर्बीण आली आणि प्रकार ठरवायचं काम डोळ्यांकडे गेलं. सत्तरच्या दशकातल्या सॅव्हरी-मिलर पायऱ्या गाजल्या. पुढे १९९४ साली लॉस एंजेलिसच्या जागतिक परिषदेत नवी वर्गवारी मांडली गेली. आजही एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर 'एलए ग्रेड' म्हणून दिसते ती हीच. पाच मिलिमीटरपर्यंतची जखम ए, त्याहून लांब ती बी, अस्तराच्या दोन घड्यांच्या माथ्यांना जोडत गेली पण पाऊण घेराच्या आत राहिली तर सी, त्यापुढे डी. नुसत्या लालीला यात स्थान नाही, कारण तिच्यावर दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही. शिस्त म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं.

पण जळजळीची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांची अन्ननलिका दुर्बिणीतून स्वच्छच दिसते. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका' एवढं ऐकून किती जण घरी परतले असतील!

त्यांच्यासाठी खरी वाट १९७४ मध्ये जॉन्सन आणि डीमीस्टर यांच्या चोवीस तासांच्या पीएच (आम्लता) मोजणीने उघडली होती. नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत सोडायची, टोक खालच्या झडपेच्या पाच सेंटिमीटर वर, यंत्र कमरेला. पेशंटने नेहमीसारखं जेवायचं, झोपायचं आणि जळजळलं की बटण दाबायचं. बटण दाबलं त्या सुमाराला आम्ल खरंच वर आलं होतं का, हे पुढे याच नोंदींवरून ताडता येऊ लागलं.

रिफ्लक्सच्या २००६ च्या माँट्रियल व्याख्येत १८ देशांच्या ४४ तज्ज्ञांनी रुग्णाला होणारा त्रास केंद्रस्थानी आणला; खोकला, दमा, आवाज बसणं, दातांची झीज यांचा वेगळा गट केला. माणुसकीचं पाऊल होतं ते. मात्र केवळ तक्रारीवरून शिक्का मारण्याची मुभाही त्यातून मिळाली, आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षं चालू राहू लागली.

तज्ज्ञांच्या २०१८ च्या ल्योन सहमतीने पुन्हा पुरावा मागितला. दिवसाच्या सहा टक्क्यांहून अधिक वेळ अन्ननलिकेतला पीएच चारच्या खाली असेल तर रिफ्लक्स पक्का, चार टक्क्यांच्या आत असेल तर नाही, मधल्यांना आणखी पुरावा हवा. त्याआधी २०१६ मध्ये पचनसंस्थेच्या कार्यात्मक विकारांसाठीच्या रोम निकषांनी स्वच्छ अन्ननलिकेच्या रुग्णांत आणखी दोन गट वेगळे काढले होते: आम्ल मापात असूनही ते वर आलं की जळजळणारे, आणि आम्लाशी संबंधच नसताना जळजळणारे. या शेवटच्या गटाला आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचा उपयोग नाही, ऑपरेशनचा तर नाहीच. त्यांना मज्जातंतूंची संवेदना शमवणारी, कमी मात्रेतली औषधं लागतात.