शेतमालासाठी पिकअप गाडी निवडताना

उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेली भातखाचरे आणि त्यांच्या पूर्वेस भिंतीप्रमाणे उभा असलेला सह्याद्री, अशी कर्जत व खालापूर तालुक्यांची ठेवण आहे. येथील माल एका बाजूस पनवेल, कल्याण व वाशीच्या बाजारांकडे, तर दुसऱ्या बाजूस बोरघाट चढून पुण्याकडे जातो. पूर्वी हे काम बैलगाडीने होत असे. पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली आली. परंतु ट्रॅक्टर मंद चालतो आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्यास मज्जाव आहे. सन २००५ मध्ये टाटा एस ही लहान गाडी, म्हणजेच लोकांचा ‘छोटा हत्ती’, बाजारात आल्यापासून शेतकऱ्यांचा कल अशा गाड्यांकडे वाढला. गाडी बहुधा कर्जाने घेतली जाते, आणि निवड चुकली तर ती चूक हप्त्यांच्या रूपाने कित्येक वर्षे अंगावर राहते.

विक्रेत्यास प्रथम विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘गाडी किती ओढते?’ त्यापूर्वी शेतकऱ्याने स्वतःस विचारावे की, आपला माल किती वजनाचा आहे? डोळ्यांनी केलेला अंदाज फसवा असतो. पेंढ्याने हौदा शिगोशीग भरला तरी भार थोडाच होतो. मात्र तो उंच रचल्यास वळणावर गाडी कलंडण्याचे भय असते. याउलट मुरूम अर्धा हौदा भरण्यापूर्वीच मर्यादा ओलांडतो. भाजलेली वीट तीन किलोची धरली तर पाचशे विटा दीड टन होतात. उन्हाळ्यात वाड्यांवर पाणी नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, टाकीचे वजन निराळे. अर्धी भरलेली टाकी भरलेल्या टाकीहून अधिक त्रासदायक होते, कारण ब्रेक लावताच आतील पाणी पुढे धाव घेते.

गाडीची खरी क्षमता नोंदणी पुस्तकात असते. भरलेल्या गाडीच्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की काय नेता येईल ते कळते. चालक व त्याचा सोबती यांचे वजन त्यातूनच वजा करावयाचे. लोखंडी जाळी वा छप्पर नंतर बसविल्यास तेवढा माल कमी. छोट्या हत्तीच्या वर्गातील गाड्या साधारण पाऊण टन नेतात, तर बोलेरो पिकअपसारख्या गाड्या प्रकारानुसार सव्वा ते पावणेदोन टनांच्या आसपास. रोज भाजीच्या थोड्या क्रेट न्यावयाच्या असतील तर मोठी गाडी घेणे म्हणजे रिकाम्या लोखंडास डिझेल पाजणे होय. भातकापणीनंतरच्या चार फेऱ्यांसाठी भाड्याने गाडी करणे अनेकदा स्वस्त पडते.

घाट हा येथील निराळा विषय आहे. १८६३ पासून बोरघाटात धावणाऱ्या रेल्वेस चढणीवर कर्जतहून मागे जादा इंजिने जोडतात, हे सर्वांस ठाऊक आहे. उतरत्या गाड्या घाटात थांबवून त्यांचे ब्रेक तपासले जातात, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. पिकअपचेही तसेच आहे. खंडाळ्याहून खोपोलीकडे भरलेली गाडी सतत ब्रेकवर उतरविल्यास ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. ज्या गिअरवर ती चढली असती, त्याच गिअरवर तिला उतरवावे. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची खोड तर जिवावर बेतते.

मुंबईच्या पाहुण्यांसाठी कृषी पर्यटन करणाऱ्या काही शेतकऱ्यांच्या मनात गाडीमागे ओढावयाचे फिरते घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, घेण्याचा विचार येतो. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे व २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. येथे हौद्यात माल नेणे आणि मागे ओढणे या दोन गोष्टी एक समजू नयेत. निर्मात्याने किती वजन ओढण्यास अनुमती दिली आहे ते लेखी पाहावे. मागील घराची नोंदणी व विमा स्वतंत्र असतात. त्याच्या वजनाचा सुमारे दहावा भाग हुकावर यावा. अवजड सामान मागच्या टोकास ठेवल्यास ते घर शेपटीसारखे हेलकावू लागते. जड घरास स्वतःचे ब्रेक हवेत. हुकाचे काम गावच्या वेल्डिंगच्या दुकानात अंदाजाने उरकू नये.

जादा भार भरण्याचा मोह महाग पडतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने त्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठेवला असून, जादा माल उतरविण्याचा खर्चही मालकाकडेच येतो. भातलावणीच्या दिवसांत मजुरांना हौद्यात उभे करून नेण्याची प्रथा तर बंदच व्हावयास हवी. ही गाडी माणसांसाठी नव्हे. परवान्याविषयीचा संभ्रम मात्र दूर झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयानुसार ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीस हलक्या वाहनाचा परवाना पुरतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गाडी घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास आधी त्याचा नेहमीचा माल भाड्याच्या गाडीत भरून वजनकाट्यावर नेण्यास सांगावे. तो आकडा कागदावर लिहून घ्यावा, आणि मगच त्याच्यासोबत विक्रेत्याकडे जावे. चाचणीसाठी रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणण्याऐवजी शक्य झाल्यास भरलेल्या गाडीचा आग्रह धरावा, आणि चढावर थांबवून ती पुन्हा हलवून पाहावी.