पेशीची वरची बाजू, खालची बाजू

एमडीसीके पेशी फिल्टरवर पेरल्या की घाई करून चालत नाही. 1958 साली मॅडिन आणि डार्बी यांनी एका कॉकर स्पॅनिएल कुत्रीच्या मूत्रपिंडातून त्या वेगळ्या काढल्या, आणि त्यांची वंशावळ जगभरच्या प्रयोगशाळांत अजून वाढते आहे. प्लास्टिकच्या साध्या प्लेटमध्ये दाट झाल्या की या पेशींच्या थराला जागोजागी फुगे येतात. पेशी वरच्या मीडियममधलं मीठ आणि पाणी खाली ढकलतात, खाली प्लास्टिक असतं, मग थरच उचलला जातो. शरीराबाहेर काढल्यावरही त्यांना वर कुठलं आणि खाली कुठलं हे नेमकं कळतं! मला या फुग्यांचं नवल अजून वाटतं.

प्रथिनं कुठे जातात हे पाहायचं तर दोन्ही बाजूंना हात पोचायला हवा. म्हणून तळाशी सच्छिद्र पापुद्रा असलेल्या छोट्या कपात पेशी वाढवायच्या. कपातलं मीडियम मूत्रनलिकेच्या पोकळीच्या जागी, कपाखालचं रक्ताच्या जागी. शेजारच्या पेशी टाइट जंक्शनने जोडल्या जातात, तसा थराचा विद्युतरोध चढत जातो. तो नीट चढेपर्यंत प्रयोगाला हात लावायचा नाही, कारण गळक्या थरावरच्या निकालाला काही अर्थ नसतो.

मग प्लेट बर्फावर. थंडीत पेशीतली ये-जा थांबते आणि प्रत्येक प्रथिन असेल तिथेच राहतं. एका कपात प्रथिनांवर खूण करणारं बायोटिन फक्त वरून घालायचं, दुसऱ्यात फक्त खालून. ते पेशीत शिरत नाही आणि जंक्शन ओलांडत नाही, त्यामुळे त्या-त्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांनाच चिकटतं. धुणं मात्र जिवावर येतं: बोटं बधिर होतात, आणि पिपेटचं टोक पापुद्र्याला लागलं की तो कप बाद. शेवटी पेशी फोडून बायोटिन लागलेली प्रथिनं वेगळी काढायची. सोडियम-पोटॅशियम पंपाची जागा खालच्या बाजूला, म्हणून त्याचा पट्टा खालच्या बाजूच्या नमुन्यात ठसठशीत उमटला की थर चांगला जमला म्हणायचा.

प्रथिनांची वर-खाली अशी ही वाटणी बऱ्याच अंशी पेशीतल्या गॉल्जी या भागातून बाहेर पडताना होते. खाली जाणाऱ्या कित्येक प्रथिनांच्या शेपटीत टायरोसिनभोवतीची चार अमिनो आम्लांची खूण असते, आणि त्यांतली बरीच एपी-1बी नावाचं संकुल ओळखतं. डुकराच्या मूत्रपिंडातून आलेल्या एलएलसी-पीके1 पेशींत या संकुलाचा एक घटक नसतो, तिथे अशी काही प्रथिनं भलतीकडे, वर जातात. तो घटक घातला की परत खाली येतात. वरच्या बाजूच्या खुणा इतक्या सुटसुटीत नाहीत. कधी साखरेच्या साखळ्या, कधी लिपिडचा नांगर, कधी पटलात रुतलेला भाग. मला खरा रस इथेच आहे.

खाली नेणाऱ्या खुणांचं मोल केएई1 या प्रथिनावरून कळतं. संग्राहक नलिकेच्या काही पेशींत ते खालच्या बाजूला बसून बायकार्बोनेट रक्तात परत पाठवतं. काही कुटुंबांत एका उत्परिवर्तनामुळे त्याच्या शेपटीची शेवटची अकरा अमिनो आम्लं गळतात आणि टायरोसिनची खूणही त्यांच्याबरोबर जाते. असं तोकडं प्रथिन एमडीसीके पेशींत घातलं तर ते वरच्या पृष्ठभागावरही दिसतं. या कुटुंबांतल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना आम्ल पुरेसं बाहेर टाकता येत नाही, रक्त आम्लधर्मी होतं, मूत्रपिंडात कॅल्शियम साठतं, खडे होतात. आयन इकडून तिकडे नेण्याचं काम हे तोकडं प्रथिन तरीही करू शकतं.