रंगीत अंडी आणि लपलेला वारसा

‘सरमिसळ’ हा शब्द आपल्याकडे फारशा आदराने उच्चारला जात नाही. काळ्या, तांबड्या, पट्टेरी, उघड्या मानेच्या अशा नाना तऱ्हेच्या कोंबड्या एकाच खुराड्यात नांदताना दिसल्या, की ‘यांत जातिवंत एकही नाही’ असा शेरा मारून आपण पुढे जातो. वस्तुतः आनुवंशिकतेचे नियम समजून घ्यायला अशा मिश्र कळपासारखी शाळा नाही, आणि तिथे कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही मज्जाव नाही.

प्रथम अंड्याच्या रंगाचा विचार करू. कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणून मुळात पांढरे असते. कोंबडीच्या पोटात ते घडायला सुमारे २० तास लागतात. तांबूस अंडे देणारी कोंबडी त्यांतील अखेरच्या काही तासांत कवचावर प्रोटोपॉर्फिरिन या रंगद्रव्याचा लेप चढवते. म्हणूनच तांबूस अंड्याचे कवच आतून पाहिल्यास फिकट, जवळजवळ पांढरे दिसते. निळ्या अंड्याची गोष्ट निराळी. त्यातील बिलिव्हर्डिन हे द्रव्य कवचात आरपार मुरलेले असते. निळ्या कवचावर तांबूस लेप बसला, की अंडे हिरवे किंवा शेवाळी दिसते. सारांश, रंगद्रव्ये प्रामुख्याने दोनच; बाकीचा खेळ त्यांच्या असण्या-नसण्याचा व कमी-अधिकपणाचा.

निळ्या अंड्यांच्या कोंबड्या चिली देशातील मापुचे लोक पाळीत. १९२१ साली हेग येथील जागतिक कुक्कुट परिषदेत स्पेनच्या साल्वादोर कास्तेल्यो यांनी त्यांची माहिती मांडली. १९३३ साली केंब्रिजचे आर. सी. पनेट यांनी हा निळेपणा एकाच प्रभावी जनुकामुळे येतो असे दाखवून दिले. पुढे २०१३ मध्ये त्याचे मूळही उमगले. फार पूर्वी एका विषाणूचा अंश कोंबडीच्या आनुवंशिक द्रव्यात शिरून बसला आणि त्यातून हा रंग उद्भवला. मौज अशी, की चीनमधील निळ्या अंड्यांच्या कोंबड्यांत हीच घटना स्वतंत्रपणे घडलेली आहे.

आता खरी गंमत पाहा. निळ्या अंड्याच्या शुद्ध वंशातील कोंबडा तांबूस अंड्यांच्या कोंबड्यांत सोडला, तर त्याच्या साऱ्या लेकी हिरवट अंडी देतील. या पिढीतील नर-मादी एकत्र आणले, तर पुढच्या पिढीत सरासरीने चार तलंगांपैकी तिघींच्या अंड्यांत निळेपणा राहील आणि चौथीच्या अंड्यातून तो अजिबात जाईल. रंग पाण्यात साखर विरघळावी तसे विरघळत नाहीत; ते एक तर उतरतात, नाही तर उतरत नाहीत. शिवाय कोंबडा अंडे देत नसल्यामुळे त्याच्या रक्तात काय आहे हे त्याच्या लेकींच्या अंड्यांवरूनच कळते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, तसाच हा प्रकार.

पिसांतही असेच नियम आढळतात. काळा कोंबडा आणि काळे शिंतोडे असलेली विशिष्ट पांढरी कोंबडी यांची सर्व पिल्ले निळसर राखी होतात. पण राखी नर व राखी मादी यांच्या संततीत सरासरीने एक काळे, दोन राखी व एक शिंतोड्यांचे, असे प्रमाण पडते. म्हणजे ‘फक्त राखी’ असा कळप टिकवता येतच नाही. तांबडा ऱ्होड आयलंड कोंबडा आणि पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडी यांच्या पिल्लांत तर नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो, मादीच्या नाही. त्यामुळे अंड्यातून बाहेर पडताच नर-मादी ओळखता येतात.

ज्याला असा कळप जोपासायचा आहे त्याने पायांत खुणेची कडी घालावीत व वहीत नोंद ठेवावी. कोंबडा बदलल्यावर निदान तीन आठवडे उबवणीसाठी अंडी घेऊ नयेत, कारण आधीच्या नराचे बीज मादीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकते.

रंगावरून पोषणाची परीक्षा मात्र करू नये. बाजारात तांबूस अंडे ‘गावरान’ म्हणून चढ्या भावाने खपते. पण मोठ्या व्यवसायातील संकरित कोंबड्याही तांबूस अंडी देतात. अंड्याचा कस कोंबडीच्या खाद्यावर अवलंबून असतो, कवचाच्या रंगावर नव्हे. झाबुआची कडकनाथ कोंबडी मांसापर्यंत काळी असली, तरी तिचे अंडे फिकट तांबूसच असते.

शुद्धतेच्या अभिमानाला एक उत्तर आपल्या सह्याद्रीतच आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण अनेक जातींची पिवळी कातडी सह्याद्रीत व दक्षिण भारतात राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आली, असे २००८ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे ‘जातिवंत’ कोंबडीही मुळात सरमिसळच. पांढऱ्या लेगहॉर्नांच्या एकसारख्या पिंजऱ्यांनी अंडी स्वस्त केली, हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु एकसारख्या कळपात निवड करायला फारसे उरत नाही. उद्या नवा रोग आला, उन्हाळा अधिक कडक झाला, तर उपयोगी पडणारा गुण कदाचित एखाद्या खुराड्यातील मिश्र कोंबड्यात लपलेला असेल. पाहुणा आला म्हणून त्याच्या मानेवर सुरी ठेवण्यापूर्वी त्याच्या लेकींची अंडी एकदा पाहून घेतलेली बरी.