शेतीच्या हिशेबासाठी घरातील कचेरी : टेबल, खुर्ची व कपाटाची निवड आणि मांडणी

वसई तालुक्यात केळी, पानवेल, फुले व भाजीपाल्याची बागायत पूर्वापार होत आली आहे. मात्र आज अनेकांची वाडी गावात आणि बिऱ्हाड वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीतील फ्लॅटमध्ये, अशी स्थिती आहे. ओटी-पडवीची सोय तेथे नसते. मग सातबारा देव्हाऱ्याखाली, सोसायटीचे पासबुक गादीखाली आणि खताच्या पावत्या पिशवीत राहतात. कर्ज, विमा किंवा नुकसानभरपाईच्या वेळी नेमका हवा तो कागद सापडत नाही, किंवा सापडतो तो भिजलेला. यासाठी घरातील एक कोपरा शेतीच्या कामकाजासाठी राखून ठेवावा. साधारण ४ फूट × ६ फूट जागा त्यास पुरते.

जागेची निवड

कोकण किनाऱ्यावर वर्षाला २,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि त्याची झड मुख्यत्वे पश्चिम व दक्षिणेकडील बाहेरच्या भिंतींवर बसते. म्हणून शक्यतो आतील भिंत निवडावी. न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळावी. जेथे रंगाचे पोपडे सुटले आहेत किंवा बुरशीचे काळे डाग आहेत, ती भिंत ओलीची समजावी.

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारच्या सखल भागांत पाणी साचले, नालासोपारा येथे रुळांवर पाणी आल्याने लोकल गाड्या बंद पडल्या. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हा अनुभव ध्यानात ठेवून कोणताही महत्त्वाचा कागद जमिनीपासून ४ फुटांच्या खाली ठेवू नये. विजेची जोडपट्टीही जमिनीवर न ठेवता टेबलाच्या बाजूस उंचावर बसवावी.

आधी खुर्ची, मग टेबल

पैसे मर्यादित असल्यास ते खुर्चीवर खर्च करावेत. टेबल जुन्या दाराच्या फळीचेही चालते. दिवसभर वाकून काम केलेल्या कंबरेला रात्री हिशेब लिहिताना टेकण न मिळाल्यास वही लवकर मिटते आणि त्या दिवसाची मजुरी लिहायची राहते.

१) गुडघ्यामागील खोबणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. बैठकीची उंची तेवढीच असावी. सर्वसाधारणपणे ती ४० ते ४५ सें.मी. भरते. पाय लोंबकळत असल्यास खाली पाट ठेवावा.

२) पाठ टेकून बसल्यावर बैठकीची कड व गुडघ्याची मागील बाजू यांत तीन बोटे अंतर राहावे.

३) दमट हवेत रेक्झिनच्या बैठकीवर घाम येतो. वेताची किंवा जाळीची खुर्ची बरी.

४) टेबलाची उंची ७० ते ७५ सें.मी. आणि खोली सुमारे ६० सें.मी. असावी. हात टेकताना खांदे वर उचलले जात असतील, तर टेबल उंच आहे असे समजावे.

५) संगणक वापरत असल्यास पडदा हातभर अंतरावर व त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत ठेवावी.

खिडकी डाव्या हाताला येईल असे टेबल लावावे, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुऱ्यांनी याच्या उलट मांडणी करावी. खिडकी समोर किंवा पाठीशी असल्यास पडद्याकडे पाहताना डोळ्यांना त्रास होतो.

लाकूड पारखून घ्यावे

साग व फणसाचे लाकूड टिकाऊ असते. भुशाच्या दाबीव फळीचे फर्निचर स्वस्त मिळते, परंतु पाणी लागताच ते फुगते व स्क्रू सैल होतात. प्लायवूड घ्यावयाचे असल्यास आय.एस. ३०३ ची खूण व पाण्यास टिकणारा प्रकार पाहूनच घ्यावे. सुताराकडून दर्शनी भागाबरोबर पाठीमागची व तळाची बाजूही पॉलिश करून घ्यावी, कारण ओल तेथूनच शिरते. लाकडाखाली बारीक पीठ पडलेले दिसल्यास भुंगेऱ्याचा आणि भिंतीवर मातीची रेघ दिसल्यास वाळवीचा प्रादुर्भाव ओळखावा. दर महिन्यास तपासणी करावी.

कपाट व कागद

लोखंडी कपाट भिंतीपासून २ ते ३ इंच पुढे व तळाला ठोकळे देऊन ठेवावे. उंच कपाट भिंतीला जखडून घ्यावे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता पुन्हा काढता येतो, परंतु मूळ खरेदीखत भिजल्यास ते जसेच्या तसे परत मिळत नाही. ते वरच्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. कागद पूर्ण कोरडे असतानाच डबा बंद करावा. मधल्या कप्प्यात पासबुके, विम्याचे कागद व चालू हंगामाच्या पावत्या, तर टेबलाच्या खणात रोजची वही ठेवावी.

कीटकनाशके व औषध चोळलेले बियाणे या कपाटात कदापि ठेवू नये. त्यांची जागा घराबाहेर, कुलपात.

पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात सर्व कागद एकदा बाहेर काढून सावलीत हवेशीर ठेवावेत व कपाट पुसून घ्यावे. बी भरण्यापूर्वी कणगीची जेवढी काळजी आपण घेतो, तेवढीच या कपाटाची घ्यावी.