तलावाच्या पाळीवरून

राष्ट्रीय महामार्ग ५३ ने नागपूरहून रायपूरकडे निघालेला मोटारवाला भंडारा जिल्हा दीड-दोन तासांत संपवतो. त्याला वैनगंगेचा पूल दिसतो, लाखनी-साकोलीचे उड्डाणपूल दिसतात, धाबे दिसतात आणि व्याघ्र प्रकल्पाकडे वळायला सांगणारी पाटी दिसते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तळी आहेत, पण त्यांतली बहुतेक त्याच्या नजरेला पडत नाहीत. पाळीवर झाडी असते आणि ताशी नव्वदच्या वेगात झाडी म्हणजे नुसता हिरवा पट्टा. सायकलवाल्याला मात्र पाळ संपेपर्यंत दुसरं काही दिसत नाही.

भंडाऱ्यात सायकल घेऊन जायचं तर वाघाच्या मागे जाऊ नये, पाण्याच्या मागे जावं, असं माझं मत आहे. वाघाचा रस्ता फाटकापाशी थांबतो. तिथून पुढे जिप्सी, गाईड आणि वेळेची चिठ्ठी. पाण्याचा रस्ता थांबत नाही, एका गावातून दुसऱ्या गावात उतरत जातो.

उतरत जातो म्हणजे तरी किती? उत्तरेला तुमसरच्या पलीकडे सातपुड्याचे पायथे आणि मध्ये-मध्ये सुट्या टेकड्या सोडल्या तर जिल्हा सपाटच. वैनगंगा सिवनीच्या डोंगरातून निघते, बालाघाटवरून इकडे येते. १८९४ साली आलेल्या किपलिंगच्या ‘जंगल बुक’मध्ये मोगलीची नदी आहे ती हीच. तिकडे तिला खडक आणि घळी आहेत. भंडाऱ्यात येईपर्यंत ती रुंद, वाळूची आणि संथ होते. चढ-उतार नसलेला मुलूख सायकलवाल्याला कंटाळवाणा वाटेल, अशी शंका घाटमाथ्यावरच्या मित्रांना येते. त्यांनी इथला मंद उतार कोणाच्या कामी आला ते पाहावं.

जून ते सप्टेंबर सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मग आकाश कोरडं. धानाला मात्र दाणा भरेपर्यंत पाणी हवं. दोन टेकाडांच्या मध्ये मातीची पाळ घातली की ओढा अडतो. त्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यात पडतो, त्याचा आणखी खालच्या. अशी माळ तयार होते. शेवटी एखाद्या शेतकऱ्याची स्वतःची बोडी (लहान तळं), तिच्याखाली धानाच्या बांध्या आणि बांध्यांमधले धुरे. हे काम मुख्यतः कोहळी समाजाचं. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून येताना त्यांना सोबत आणलं, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी तलाव बांधणारा समाज म्हणून कोहळ्यांची नोंद ब्रिटिश अधिकारी रसेलने १९१६ च्या आपल्या ग्रंथात केलेली आहे. जंगल तोडून तलाव बांधेल त्याला त्याखालच्या जमिनीचे हक्क, हा गोंडांचा व्यवहार होता. पुढे मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणारी जमीनदारी, आली, तलाव मालगुजाराच्या नावावर गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा’ तलाव ठरले. पूर्व विदर्भात असे तलाव सहा हजारांच्या वर आहेत. सरकारजमा झालेल्या तलावाचा गाळ कोणी काढायचा, या प्रश्नाला सत्तर वर्षं झाली. कितीतरी ठिकाणी आता पाण्याइतकीच बेशरम ही झुडपी वनस्पती वाढलेली दिसते. शेजारच्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मच्छीमारांना सोबत घेऊन ती उपटली आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तशी तळी माशांनी आणि पाखरांनी ओळखू येतात.

सायकलवाल्याला याचा थेट उपयोग आहे. तलाव आणि आबादी एकमेकांना धरून असल्यामुळे चार-पाच किलोमीटरवर गाव लागतंच. गाव म्हणजे हातपंप, चहाची टपरी, आलूबोंडा आणि पंक्चर काढणारा. लांबच्या निर्जन पट्ट्याची भीती जंगलाचा भाग सोडला तर नाही. रस्ते वळणाचे का, याचंही कारण पाळीत आहे. पूर्वीची गाडीवाट पाळीच्या पायथ्याने फिरत होती, डांबर तिच्यावरच पडलं.

आणि या वाटा नव्याने शोधायच्याही नाहीत. सकाळी साडेनऊला कुठल्याही मोठ्या गावाच्या वेशीवर उभं राहा. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर शाळेत निघालेल्या मुलींची रांग दिसेल. दुसऱ्या बाजूने कॅरिअरला मासळीची टोपली बांधून बाजाराला निघालेला ढिवर येईल. भंडाऱ्यातले सायकलमार्ग हीच माणसं रोज आखतात. नागपुरात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची हौस गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरीच वाढली. तिथल्याच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर गाठायची ब्रेव्हे करणाऱ्यांना महामार्गच बरा, हे मान्य. पण हौशी प्रवाशाने त्यांच्या मागे लागून महामार्गाच्या कडेने ट्रकांचा धूर का खावा, ते कळत नाही.

भंडारा ते पवनी हा मार्ग मला सगळ्यांत भरगच्च वाटतो. शहरातून निघाल्यावर कारध्याला वैनगंगा ओलांडायची. इथला जुना लहान पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो. २०२० च्या ऑगस्टअखेर वरच्या धरणांतून पाणी सुटलं तेव्हा शहराच्या वस्त्यांतही नदी शिरली होती. पुढे पहेला, अड्याळ. अंतर पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, म्हणजे थांबत-थांबत एका दिवसाचं.

पवनीला लोक विदर्भाची काशी म्हणतात. घाट आहेत, देवळं आहेत. पण सायकल लावावी ती जुन्या तटाशी. मातीचा प्रचंड तट आणि बाहेरचा खंदक अजून ओळखू येतो. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं तेव्हा मोठा बौद्ध स्तूप हाती लागला. ब्राह्मी लेख असलेले कठड्याचे खांब निघाले, मुचलिंद नागाचं शिल्प निघालं. दोन हजार वर्षांपूर्वी इथे दान देणारी, शिल्पं घडवून घेणारी श्रीमंत वस्ती होती. सांचीला जाणाऱ्या मराठी माणसांपैकी किती जणांनी पवनी पाहिली असेल?

पवनीच्या वर गोसेखुर्दचं धरण. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. ३३ दरवाजे आणि अकरा किलोमीटरहून लांब भिंत. भिंतीवर सायकल न्यायची हौस अनेकांना असते, पण ती परवानगीची बाब. धरणाच्या फुगवट्याकाठचे रस्ते जास्त सांगून जातात. जुन्या नकाशातला रस्ता सरळ पाण्यात जातो, आणि त्याच नावाचं गाव चार-सहा किलोमीटरवर, चौकोनी प्लॉट पाडलेलं, ‘पुनर्वसन’ लिहिलेल्या पाटीखाली भेटतं. या पाण्यात नागपूरचं सांडपाणीही आहे. नाग नदी कन्हानमधून ते इथवर आणून सोडते. जलपर्णीचे हिरवे गालिचे दुरून सुंदर दिसतात म्हणून हे सांगितलं.

फुगवट्याच्या वरच्या अंगाला आंभोरा. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी असा पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वर. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथे लिहिला असं वैदर्भीय मानतात. तो मान आपल्याकडे सांगणारे आंबेजोगाईकर ऐकून घेत नाहीत. २०२४ च्या जानेवारीत इथे सुमारे सातशे मीटरचा केबलचा पूल खुला झाला आणि कुही व भंडारा हे दोन काठ जोडले गेले. पूर्वी नावेशिवाय इलाज नव्हता. त्यामुळे नागपूर–कुही–आंभोरा–भंडारा असा महामार्ग टाळणारा रस्ता सायकलला मिळाला. रविवारी मात्र पुलावर मोबाईल उंचावून उभ्या राहणाऱ्यांची एवढी गर्दी असते की सायकल हातात धरून चालावं लागतं.

जंगलाचं म्हणाल तर कोका आणि नागझिरा. कोका अभयारण्य २०१३ मध्ये जाहीर झालं, त्याच डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला आणि कोका त्यात गेलं. साकोलीहून पिटेझरीचं फाटक वीसेक किलोमीटरवर. ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह असं मिश्र जंगल, खाली बांबू. अभयारण्यात सायकल चालत नाही आणि चालू नये. बाहेरच्या रस्त्यांवरही उजाडायच्या आधी आणि दिवेलागणीनंतर जाऊ नये. हे शहरी घाबरटपण नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात पकडलेल्या ‘सीटी-वन’ वाघाने गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर मिळून तेरा माणसं मारली होती. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे झाडाखाली वाकलेल्या बाईला जो धोका असतो, तोच वाकून पॅडल मारणाऱ्याला. गावकऱ्याने ‘आता नका जाऊ भाऊ’ म्हटलं की परतावं.

तुमसरकडचा पट्टा थोडक्यात सांगतो. धानाची मोठी बाजारपेठ, पुढे चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी, चांदपूरचा जलाशय, गायमुख. चढ हवे असणाऱ्यांनी इकडे यावं. खाणीच्या रस्त्यावर काळी धूळ आणि डंपर, एवढं लक्षात ठेवून यावं.

दक्षिणेला पालांदूर, लाखांदूर हा चुलबंद आणि वैनगंगेच्या मधला चौरास भाग मात्र सावकाश पाहण्यासारखा. दिवाळीच्या सुमाराला हलका धान कापून झालेला असतो, भारी धान उभा असतो आणि त्या उभ्या धानातच ओलीवर लाखोरी फेकलेली असते. थंडी पडू लागते, रस्ते वाळलेले असतात, तळी काठोकाठ.

निघायचे दिवस हेच. भाऊबीजेपासून पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत मंडई सुरू होते. आज या गावाला, उद्या त्या. दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. लाखांदूरपलीकडच्या वडसा गावातून नाटक मंडळ्यांचे ट्रक निघतात आणि पडदा उघडतो रात्री दहा-साडेदहाला, संपतो पहाटे. २०२३ ला झाडीपट्टीचे नट डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर पुण्या-मुंबईला या रंगभूमीची थोडी दखल घ्यावीशी वाटली. सायकलवाल्याची मुक्कामाची चिंता मंडईच्या दिवसांत आपोआप मिटते, कारण ज्या गावात नाटक त्या गावात घरोघर पाहुणे, आणि त्यात एक तुम्ही. फक्त दुसऱ्या दिवशीचा टप्पा वीस-पंचवीस किलोमीटरच ठेवा. रात्रभर जागलेल्या माणसाच्या हातून त्याहून जास्त होत नाही, आणि दुपारी पुढच्या गावातली मंडई लागलेली असतेच.